पाठीशी कुणीतरी : प्रस्तावना

भोरहून वरंध घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावर, नीरा-देवघरच्या पाण्याच्या वरच्या अंगाला एक वाडी आहे. तिथल्या एका घरात मोबाइलला रेंज मिळायची ती मागच्या पडवीत, जात्यापाशी. २०२० च्या पावसाळ्यात आठवड्यातून दोनदा मी पुण्यात बसून ते जातं पाहत असे. फोन जात्याच्या खुंट्याला टेकवलेला, घसरू नये म्हणून शेजारी तांदळाची पिशवी, आणि समोर घोंगडीवर उताण्या निजलेल्या मावशी. फोन सांभाळायला त्यांची आठवीतली नात. शाळा बंद होत्या म्हणून ती मोकळी होती आणि माझी खरी मदतनीस तीच होती. "आजीचा गुडघा दिसतोय का, बाई?" असे ती घटकेघटकेला विचारायची.

मावशींची कंबर चार वर्षे दुखत होती. आदल्या वर्षी त्या एकदा पुण्याला माझ्याकडे येऊन गेल्या होत्या. पहाटेची एस.टी., स्वारगेटला उतरून रिक्षा, माझ्याकडे अर्धा तास, पुन्हा एस.टी. घरी पोचेपर्यंत अंधार पडला असणार. बरोबर मुलगा होता, म्हणजे दोघांचा रोज बुडाला. मी व्यायाम शिकवले, कागदावर चित्रे काढून दिली आणि पंधरा दिवसांनी या म्हणाले. त्या आल्या नाहीत. माझ्या वहीत त्यांच्या नावापुढे मी लिहून ठेवले होते, 'पुन्हा आल्या नाहीत.' हे वाक्य फिजिओथेरपिस्टांच्या सगळ्या वह्यांत सापडते आणि वाचणाऱ्याला वाटते की रुग्णानेच कंटाळा केला. खरी गोष्ट अशी की दिवसभर खड्ड्यांतून आदळत येण्याजाण्याने कंबरेचे जे होत होते, त्याला माझा अर्धा तास पुरा पडणारा नव्हता. वही चुकीची होती, मावशी नव्हेत.

या पुस्तकाच्या दोन्ही लेखिका माझ्या विद्यार्थिनी. एकीने मराठवाड्यात तालुक्याच्या गावी दवाखाना थाटला, दुसरी डोंगराळ भागातल्या एका रुग्णालयात काम करते. खेड्यापाड्यातल्या जुनाट कंबरदुखीवर फोनवरून उपचार कसे करावेत, याचे त्यांनी काही वर्षे टिपून ठेवलेले अनुभव इथे पुस्तकरूपाने आले आहेत. प्रस्तावना मी लिहावी, असा त्यांचा आग्रह. मी लगेच होकार दिला, कारण या विषयाबद्दल मला जे वाटते ते एकदा नीट मांडायचेच होते.

आपल्या भाषेत पाठीच्या दुखण्याला शब्दांची वाण नाही. लचक भरते, उसण भरते, चमक निघते, कंबर धरते, कंबर खचते. उसण भरली की पायाळू माणसाला बोलावणे धाडायचे आणि त्याने पालथ्या निजलेल्याच्या पाठीवरून पाय फिरवायचा, हे माझ्या आजोळी मी डोळ्यांनी पाहिले आहे. उसण बहुतेकांची काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत आपणहून ओसरते. म्हणून पायाळूला यश येई. तरी त्या रूढीत मला एक चांगली गोष्ट दिसते. दुखणाऱ्याच्या घरी कुणीतरी चालत येई, पाठीला स्पर्श करी आणि 'दोन दिवसांत उठून कामाला लागशील' असे सांगे. धीर देणारा माणूस घरी येत होता.

हे पुस्तक उसणीचे नाही. तीन महिने उलटून गेले तरी जी जात नाही, अशा कंबरदुखीचे आहे. २०२० साली जगात सुमारे ६१ कोटी ९० लाख लोकांना कंबरदुखी होती आणि २०५० पर्यंत हा आकडा ८४ कोटींच्या पुढे जाईल, असा अंदाज जागतिक पातळीवरच्या मोठ्या अभ्यासात मांडला गेला आहे. माणसाला कामातून उठवणाऱ्या कारणांत कंबरदुखी जगभर पहिल्या क्रमांकावर आहे. असे असूनही आपल्या गावांत तिला दुखणे मानत नाहीत. 'बाईमाणसाची कंबर दुखायचीच', 'वय झालं', 'काम केलं की दुखणारच', असे म्हणून विषय संपतो. गडचिरोलीत 'सर्च' संस्थेने खेड्यातल्या पाठदुखीकडे आरोग्याचा मोठा प्रश्न म्हणून पाहिले, आणि मुंबईच्या 'स्पाइन फाउंडेशन'चे डॉ. शेखर भोजराज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ग्रामीण भागात जाऊन मणक्याच्या रुग्णांसाठी काम केले. अशी उदाहरणे आहेत. पण थोडी आहेत.

गेल्या वीस-पंचवीस वर्षांत मात्र एक नवा शब्द वाडीवस्तीपर्यंत पोचला आहे. तो म्हणजे 'गॅप'. 'मणक्यात गॅप पडलाय.' कुणी म्हणते 'गादी सरकली', कुणी 'नस दबली', पण 'गॅप'चा दरारा सगळ्यात मोठा. मी या शब्दावर जरा थांबते, कारण माझ्या मते खेड्यातल्या कितीतरी पाठींचे नुकसान ओझ्याइतकेच या एका शब्दाने केले आहे. गॅप म्हटले की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे भेग पडलेली भिंत येते. भेगेवर कोण भार देईल? मग बाई वाकायची थांबते, उंबरठ्यावरून पाऊल जपून टाकते, कमरेला पट्टा आवळते. हलवले नाही म्हणून पाठ आखडते, आखडली म्हणून जास्त दुखते आणि दुखली की गॅप वाढल्याची खात्री पटते.

पाठ कधीही न दुखणाऱ्या माणसांचे मणके तपासले तर काय दिसते? २०१५ साली ३३ अभ्यास एकत्र करून हे पाहिले गेले. त्यांत ३,११० माणसे होती आणि पाठीची तक्रार एकालाही नव्हती. तरी विशीतल्या ३७ टक्के जणांच्या मणक्यांमधल्या गाद्या झिजल्याचे फोटोत दिसत होते. पन्नाशीत हे प्रमाण ८० टक्के होते आणि ऐंशीत ९६ टक्के. म्हणजे पन्नाशीच्या शेतकऱ्याच्या फोटोत झीज दिसली तर ती त्याच्या डोक्यावरच्या पांढऱ्या केसांसारखी आहे. तिच्याकडे बोट दाखवून 'आता जड काम बंद' असे सांगणे म्हणजे त्याच्या हातातला कासरा काढून घेणे. लेखिकांनी 'गॅप' या शब्दासाठी एक अख्खे प्रकरण खर्ची घातले आहे. ते प्रत्येक डॉक्टरने वाचावे. फोटो वाचून दाखवताना कोणते शब्द वापरायचे, त्याचा मराठी नमुनाच त्यांनी दिला आहे.

उपचारांबद्दल आता फारसा वाद उरलेला नाही. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी पहिल्यांदाच मार्गदर्शक सूचना काढल्या. दुखण्याची नीट समज देणे, ठरवून आखलेला व्यायाम, मनावरच्या ताणासाठी मदत, हे त्यांत आहे. मालिश आणि हाताने केले जाणारे काही उपचारही आहेत. कमरेचा पट्टा आणि वजन लावून ताणणे, या दोन्ही गोष्टी नेहमीच्या उपचारात करू नयेत, असे त्यांत स्पष्ट म्हटले आहे. आपल्याकडे तालुक्याच्या गावी रुग्ण नेमके याच दोन गोष्टी मागत येतो. 'वजन लावा', 'मशीन लावा', 'करंट द्या', 'पट्टा लिहून द्या'. शेकून बरे वाटते हे खरे आणि घरी विटेचा किंवा निर्गुडीच्या पाल्याचा शेक घ्यायला माझी काही हरकत नसते. पण त्यासाठी चाळीस किलोमीटर जाऊ नये.

समज आणि व्यायाम, या दोन्ही गोष्टी फोनवरून पोचवता येतात. त्यांना यंत्र लागत नाही, हात फार थोडा लागतो. लागते ती चिकाटी, आणि कुणीतरी पाठीशी असणे. पहिल्या दिवशी शिकवलेला व्यायाम बाराव्या दिवशी दुखायला लागतो, तेव्हा 'हे दुखणे चालेल, थांबू नका' किंवा 'हे दुखणे वेगळे आहे, आज थांबा' असे सांगणारा माणूस हवा असतो. दवाखान्याची पुढची तारीख पंधराव्या दिवसाची असते. फोन बाराव्या दिवशी लागतो.

मावशींचे उदाहरण पुढे नेते. पहिल्या दिवशी मी त्यांना शून्य ते दहा या मापावर दुखणे सांगा म्हटले. त्यांना ते जमेना. मग नात म्हणाली, "आण्यात इचारा की, बाई." मी विचारले, "मावशी, सोळा आण्यांतलं किती आणे दुखतंय?" "चौदा," त्या तत्काळ म्हणाल्या. तेव्हापासून मी जुन्या माणसांना आण्यातच विचारते आणि या पुस्तकातल्या नोंदीच्या तक्त्यातही आणे आलेले पाहून मला आनंद झाला.

मग तपासणी. मी त्यांना पडवीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत टाचांवर चालायला सांगितले, मग चवड्यांवर. पायाकडे जाणाऱ्या नसा शक्ती देताहेत की नाही, याचा बराच अंदाज त्यातून येतो. वाकायला सांगितले तर बोटे गुडघ्याच्या खाली उतरेनात. पाटावर बसून हात न टेकता अर्ध्या मिनिटात किती वेळा उठता येते, ते नातीने मोजले. चार वेळा. हे चार माझ्या वहीत आले. लघवी, परसाकडे, मांड्यांमधला बधिरपणा, ताप, वजन उतरणे, घरात कुणाला टीबी, हे सगळे विचारून झाले. त्यानंतर मी त्यांना सांगितले की तुमचा कणा शाबूत आहे. मावशी काही बोलल्या नाहीत. नातीने फोन त्यांच्या तोंडाजवळ नेला तेव्हा दिसले की त्या रडत होत्या. चार वर्षांत असे त्यांना कुणी सांगितलेच नव्हते.

तिसऱ्या खेपेला मी म्हटले, मावशी, पाणी कसे आणता ते दाखवा. नात फोन घेऊन त्यांच्यामागून विहिरीवर गेली. रेंज तुटत होती, चित्र थांबत होते, पण जेवढे दिसले तेवढ्याने माझे काम झाले. विहिरीच्या काठाला उंच कट्टा नव्हता. भरलेला हंडा त्या थेट जमिनीवरून, पाय जुळवून, कंबर वळवून उचलत होत्या. माझ्या दवाखान्यात त्यांनी हंडा उचलून दाखवला असता तर तो रिकामा प्लास्टिकचा डबा असता आणि गुळगुळीत फरशीवर असता. आम्ही उपाय शोधला तो असा. विहिरीजवळचा एक सपाट धोंडा मुलाने ढकलून काठाशी आणला, आणि हंडा आधी धोंड्यावर, मग डोक्यावर. शिवाय नातीने केरसुणीची काठी आजीच्या पाठीला धरली. डोके, पाठ आणि माकडहाड तिन्ही काठीला टेकलेली ठेवून खुब्यातून वाकायचे, हे त्या त्याच जागेवर शिकल्या. दवाखान्यात हे शिकवायला मला महिना लागला असता, आणि विहिरीवर ते उतरले असते की नाही कोण जाणे.

दुरून केलेला उपचार हा दुय्यम उपचार आहे, 'गरिबांना तेवढे पुरे' या वर्गातला आहे, असे मानणाऱ्यांना मी हा प्रसंग सांगते. पाठ जिथे दुखावते तिथे आम्हाला फोनमुळे पोचता आले. ऑस्ट्रेलियात गुडघ्याच्या जुनाट दुखण्यावर एक मोठी चाचणी झाली. ३९४ माणसांपैकी काहींना फिजिओथेरपिस्ट प्रत्यक्ष भेटले, काहींना व्हिडिओवरून. २०२४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष आले. व्हिडिओवरचे लोक मागे पडले नव्हते. गुडघा म्हणजे कंबर नव्हे आणि ऑस्ट्रेलिया म्हणजे भोर नव्हे, हे मला कळते. पण व्यायाम हाच गाभा असलेल्या दुखण्यात अंतर आड येतेच असे नाही, एवढे त्यातून नक्की दिसते.

आता अडचणी. फोन घरात एक असतो आणि तो बहुधा मुलाच्या किंवा नवऱ्याच्या खिशात असतो. तो कामावर गेला की उपचारही कामावर जातो. बायका फोनसमोर पदर खाली घेऊन निजायला संकोचतात आणि तो संकोच रास्त आहे. चित्र कुठे जाईल, कोण पाहील, ही भीती खोटी नाही. म्हणून लेखिकांचा नियम मला पटतो. चित्रीकरण साठवायचे नाही, बाईच्या तपासणीवेळी घरातली किंवा गावातली बाई शेजारी हवी, आणि व्हिडिओ जमत नसेल तर साध्या आवाजी फोनवर काम चालवायचे. रेंज गेली म्हणून उपचार बुडाला असे होऊ नये, यासाठी त्यांनी फक्त आवाजावर घ्यायच्या बैठकीची रीत सविस्तर लिहिली आहे. माझ्या मते पुस्तकातला सर्वांत उपयोगी भाग तोच.

शेजारची ती बाई कोण, याचे उत्तर बहुतेक गावांत आशाताई हे आहे. साधारण हजार लोकवस्तीमागे एक आशा असते आणि कुणाच्या घरी काय दुखते हे तिला आधीच ठाऊक असते. टाचांवर चालवून पाहणे, पायाचा अंगठा वर दाबून धरायला सांगणे, कुठे स्पर्श कळत नाही ते पाहणे, हे ती थोड्या शिकवणीत करू शकते. मात्र तिच्यावर कामांचे ओझे आधीच किती आहे, हे विसरून चालणार नाही. या कामाचा वेगळा मोबदला तिला मिळालाच पाहिजे. लेखिकांनी हे दबक्या आवाजात म्हटले आहे, मी मोठ्याने म्हणते.

दुसरी गोष्टही तितक्याच मोठ्याने म्हणायची आहे. प्राथमिक आरोग्य केंद्र तीस हजार लोकांमागे एक, डोंगरी आणि आदिवासी भागात वीस हजारांमागे एक, असा ठरलेला हिशेब आहे. तिथे डॉक्टर असतो, परिचारिका असते, फिजिओथेरपिस्ट साधारणपणे नसतो. नोव्हेंबर २०१९ मध्ये ई-संजीवनी ही दूरस्थ सल्ल्याची सरकारी सेवा सुरू झाली, मार्च २०२० मध्ये दूरस्थ वैद्यकीय सल्ल्याचे नियम आले, २०२१ मध्ये फिजिओथेरपिस्टांसह संलग्न आरोग्य व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा झाला. वाट तयार आहे. पण फोन आला म्हणून पद भरायचे नाही, असे कुणी म्हणू लागले तर या पुस्तकाचा गैरवापर होईल. फोनच्या दुसऱ्या टोकाला शिकलेला, पगारी, वेळ असलेला माणूस लागतो.

फोनचा एक गुण मात्र दवाखान्याला कधीच येणार नाही. बीड जिल्ह्यातली ऊसतोड जोडपी, ज्यांना 'कोयता' म्हणतात, दिवाळीच्या सुमारास गाव सोडतात आणि उन्हाळा लागेपर्यंत साखर कारखान्यांच्या परिसरात पाल टाकून राहतात. वाकून ऊस तोडायचा, मोळी बांधायची, डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीवर चढायचे. ज्या महिन्यांत पाठीवर सगळ्यात जास्त भार, त्याच महिन्यांत त्यांचे आरोग्य केंद्र दोनशे किलोमीटर मागे राहिलेले. फोन नंबर मात्र तोच असतो. लेखिकांपैकी एकीने फडावरच्या बायकांशी रात्री आठनंतर, चूल विझल्यावर बोलण्याची सवय ठेवली. त्या बायकांना 'विश्रांती घ्या' असे सांगणे निरर्थक. मुकादमाची उचल फिटायची असते. त्यांना सांगता येते ते एवढेच, की प्रत्येक मोळीनंतर दहा श्वास मागे झुकून उभे राहा, तोडणी आणि वाहणी नवरा-बायकोने आलटून पालटून करा, पाण्याची भरलेली घागर मोळीनंतर लगेच उचलू नका. थोडे आहे. तरी आहे.

व्यायामाने सगळे सुटत नाही, हे इथे मान्य केले पाहिजे. भाताच्या अवणीत बायका इरले पाठीवर घेऊन दिवसभर चिखलात वाकून मागे मागे सरकतात. त्या पाठीला कितीही बळकट केले तरी तिला मर्यादा आहे. नेरळचे शेतकरी चंद्रशेखर भडसावळे यांनी रुजवलेल्या सगुणा राइस तंत्रात चिखलणी आणि लावणी दोन्ही टळतात, गादीवाफ्यावर थेट बी टोकले जाते. माझ्या दृष्टीने ते पाठीच्या दुखण्यावरचे मोठे औषध आहे. निंदणाऱ्या बाईच्या हाती उभ्याने चालवायचे सायकल कोळपे देणे, विहिरीला कमरेएवढा कट्टा बांधणे, नळ दारात आणणे, हेही औषधच. फिजिओथेरपिस्टने ग्रामसभेत जाऊन हे बोलावे, असे मला वाटू लागले आहे.

मावशींचे पुढे काय झाले, ते वाचकांना हवे असेल. चार महिन्यांनी चौदा आण्यांचे पाच आणे झाले. पाटावरून उठणे चारवरून अकरावर गेले. दुखणे पुरते गेले नाही. पुढच्या अवणीत त्या उतरल्या, दर दोन पातींनंतर सरळ उभ्या राहत, आणि उरलेल्या बायकांनाही उभे राहायला लावत. नात आता बारावी झाली आहे आणि फिजिओथेरपीला प्रवेश घ्यायचा म्हणते.

पुस्तकाच्या शेवटच्या पानावर धोक्याच्या खुणा मोठ्या टायपात छापल्या आहेत. लघवी किंवा शौचावरचा ताबा जाणे, मांड्यांच्या मधे बधिरपणा, पायातली शक्ती उतरत जाणे, तापासह पाठदुखी, कारण नसता वजन घटणे, पडल्यावर सुरू झालेले असह्य दुखणे, आधी कॅन्सर किंवा टीबी झालेला असणे. यांपैकी काहीही असेल तर फोनवर वेळ न घालवता त्याच दिवशी रुग्णालय गाठायचे. ते पान कात्रीने कापून घराच्या दारामागे, दूध संकलन केंद्रावर, आशाताईच्या पिशवीत ठेवावे, ही सर्व वाचकांना विनंती.